वीस गुणांचा तो रकाना काढा: संचालक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सदस्य यांस,

महोदय, महोदया,

यंदाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘ताण पेलण्याची क्षमता’ असा नवा रकाना आला आहे. शंभरपैकी वीस गुण त्याला. गुण कशावरून द्यायचे तेही परिपत्रकात दिलं आहे: वर्षभरात किती वेळा आजारपणाची रजा घेतली, जादा वेळ थांबायला किती वेळा नाही म्हटलं, आणि ऑफिस सुटल्यावर आलेल्या मेसेजला किती वेळात उत्तर दिलं. शेवटी ‘हरकती असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात’ अशी ओळ होती. मुदत संपली, हरकत एकही आली नाही, तेव्हा सर्वांना हा बदल मान्य आहे असं धरून तो लागू झाला.

हरकत येणार तरी कशी? या रकान्याचा जाच होतो असं जो लिहून देईल, त्याने आपल्याला ताण पेलत नसल्याची कबुलीच दिली असं होणार. शिवाय हरकती वाचणारे आणि गुण देणारे साहेब एकच. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. कंपनीचं नाव यात घातलेलं नाही. ज्या कोणत्या ऑफिसात असा रकाना आखायचं चाललं असेल, तिथल्या लोकांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

हजेरी आणि रजांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. म्हणजे वीसपैकी कोणाचे किती कापायचे याची आकडेवारी माझ्याच टेबलावरून निघणार. ते मला मुकाट्याने करवत नाही.

रजेच्या अर्जात ‘कारण’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत ‘ताण’ हा शब्द मी जवळजवळ पाहिलेलाच नाही. तिथे असतं पित्त, अर्धशिशी, पाठ धरली, बीपी वाढलं, चक्कर आली, झोप न झाल्याने बरं नाही. मध्यंतरी तक्रार कक्षातल्या एका बाईंचा अर्ज आला, दाढेला तडा गेल्याचा. सोबत दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: झोपेत दात करकरा खाण्याची सवय, दाढा झिजून सपाट झालेल्या. या बाई दिवसभर हेडफोन लावून लोकांचा राग ऐकून घेतात. समोरचा आईबापांवरून बोलला तरी ‘आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच म्हणायची त्यांना परवानगी आहे. फोन ठेवला की पुढचा फोन आपोआप जोडला जातो, मधे घोटभर पाणी प्यायलाही बटण दाबून ‘ब्रेक’ दाखवावा लागतो, आणि ब्रेकची मिनिटं संध्याकाळी टीम लीडकडे जातात. नोंदवहीत हे सगळं ‘दंतविकार’ म्हणून चढलं. नव्या नियमाने त्यांचे गुण जातील.

परिपत्रकाच्या मुळाशी एक समज आहे. ताण बाहेरून येतो, तो सगळ्यांवर सारखाच येतो, काही माणसं भक्कम असतात म्हणून पेलतात, काही कच्ची असतात म्हणून आजारी पडतात. शरीराचं काम असं चालत नाही. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना. नसांच्या वाटेने आणखी लवकर जाणाऱ्या निरोपाने अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, ते रक्तात साखर उपलब्ध करून देतं आणि पचनासारखी ‘नंतर बघू’ प्रकारातली कामं बाजूला सारतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ‘लढा किंवा पळा’ अशी जी तयारी वर्णन केली ती हीच. भक्कम माणसातही ती होते, कच्च्यातही. प्रसंग टळला की सगळं पूर्ववत व्हावं अशी मूळ योजना आहे. पण आमच्याकडे प्रसंग टळतच नाही. साहेबांशी लढता येत नाही, खुर्ची सोडून पळताही येत नाही, आणि पुढचा फोन जोडला गेलेला असतो.

यापुढचा भाग मंडळाने जरा सावकाश वाचावा. १९३६ साली ताणावर संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. त्यांनी उंदरांना कधी थंडीत ठेवलं, कधी दमेपर्यंत पळवलं, कधी इजा केली, कधी औषधं टोचली. त्रास वेगवेगळा, पण शरीरात दिसलं ते सारखंच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस आक्रसलेली, जठरात जखमा. या सगळ्याच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि त्रास चालूच राहिला तर शेवटी कोसळणं. मधली पायरी फसवी आहे. त्या काळात प्राणी वरून बरा दिसतो, जणू सवय झाली. आत मात्र खर्च चालूच असतो.

तुमचा रकाना नेमकी ही मधली पायरी मोजतो आणि तिला वीसपैकी वीस देतो.

नोंदवह्या चाळायची सवय असल्याने सांगते, ज्यांच्या नावापुढे बारा महिने एकही रजा नसते त्यांची मला जास्त काळजी वाटते. माल रवाना करणाऱ्या विभागातले एक गृहस्थ असेच होते. कणकण असली तरी येणार, सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणार. दर वर्षी कौतुकाचं पत्र. मग एकदम लांब रजेचा अर्ज आला, तोही त्यांच्या मुलीच्या अक्षरात, सोबत अँजिओप्लास्टीचे कागद. त्यांच्या हृदयाला जे झालं ते केवळ कामामुळे झालं असा दावा मी करणार नाही, तो कोणालाच करता येणार नाही. पण त्या आधीच्या वर्षी हा रकाना असता तर कंपनीत पहिले तेच आले असते.

आता एकेक हरकत मांडते.

सगळ्यात वाईट आहे आजारपणाच्या रजेवर गुण कापणं. याने आजार कमी होत नाहीत, अर्ज कमी होतात. माणूस ताप अंगात घेऊन येतो, शेजारच्याला देतो, आणि दिवसभरात अर्ध्या दिवसाचंही काम करत नाही. ज्यांच्या डोक्यावर आधीच ओझं आहे त्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागतो हेही माहीत असलेलं आहे. १९९५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या काही स्त्रिया, आणि त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या काही. सगळ्यांच्या हातावर सारख्याच मापाची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवा करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्यात कोणाच्या मनाच्या कणखरपणाची परीक्षा नव्हती. कातडी होती. आपल्याकडेही अनेक जणी ऑफिस सुटल्यावर घरी दुसरी पाळी करतात. त्या वर्षभरात चार वेळा जास्त आजारी पडल्या, तर तुमच्या फॉर्मवर त्या ‘क्षमता कमी’ ठरणार.

जादा वेळ थांबायला नकार दिला की गुण कमी, हा दुसरा निकष. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि रक्तपुरवठा अडून होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. केवळ २०१६ या एका वर्षात लांबलेल्या तासांपायी गेलेल्यांचा त्यांचा अंदाज ७ लाख ४५ हजारांचा आहे. हे आकडे जाहीर होऊन वर्षं लोटली. त्यानंतरही एखादं व्यवस्थापन ‘नाही’ म्हणण्याला दंड लावतं, तेव्हा त्याला अज्ञानाची सबब उरत नाही.

पाळ्यांचं तर विचारूच नका. रात्री उशिरा सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला लावलेला मी रोस्टरवर पाहते. सॉफ्टवेअरला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण तारखा वेगळ्या आहेत. १९९७ सालचा एक अभ्यास सांगतो की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं घसरतं. कित्येक देशांत एवढ्या मद्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. पिऊन आलेल्याला आपण गेटवर अडवतो. झोप न झालेला आला की त्याला निष्ठावान म्हणतो. आणि मग गुणवत्ता विभागाचा मेल येतो की चुकीच्या पत्त्यावर माल गेल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत, कर्मचाऱ्यांनी लक्ष देऊन काम करावं. लक्ष द्यायचं, चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवायच्या, तोंडावर आलेला शब्द गिळायचा, हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. झोपमोड आणि सततची धास्ती यांनी पहिल्यांदा मंदावतो तो हाच भाग. त्याला मेल पाठवून उपयोग नसतो.

मेसेजचं माझ्यापुरतं सांगते. ऑफिसच्या ग्रुपची टोन मी वेगळी लावून ठेवली, म्हणजे घरच्यांचे मेसेज निवांत वाचता येतील. झालं उलटंच. आता ती टोन दुसऱ्या कोणाच्या फोनवर वाजली तरी पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा मेसेज असतो ‘उद्या सकाळी पाहिलं तरी चालेल’. मग उद्या सकाळीच पाठवा ना! फ्रान्समध्ये २०१७ च्या जानेवारीपासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून लांब राहण्याचा हक्क कामगार कायद्यात आहे. आपल्याकडे त्याच गोष्टीचे गुण कापले जातात.

रिकाम्या जागांबद्दल परिपत्रकात अवाक्षर नाही. सोडून गेलेल्यांचं काम ‘तात्पुरतं’ वाटून दिलं गेलं आणि ते तात्पुरतेपण अजून संपलेलं नाही. माणसं कमी, टार्गेट तेच, आणि या तफावतीला नाव दिलं ‘ताण पेलण्याची क्षमता’.

एक वाक्य बैठकीत नेहमी ऐकू येतं, ‘ताण आम्हालाही आहे, उलट जास्त आहे.’ असेलही. तुमची जबाबदारी मोठी आहे हे मी नाकारत नाही, आणि थोडाफार, थोड्या वेळचा ताण माणसाला तरतरीत करतो हेही खरं. पण वरच्या खुर्चीला जास्त इजा होते ही समजूत तपासून झालेली आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशोब धरूनही फरक पुरता मिटेना. १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला, १०,३०८ स्त्री-पुरुषांचा. त्यात एक गोष्ट ठळक दिसली: आपलं काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ज्यांच्या हातात कमी, त्यांना हृदयविकार जास्त. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ सालीच हे मांडलं होतं की कामाची मागणी मोठी आणि हातात अधिकार काही नाही, ही जोडी सगळ्यात घातक. तुम्हाला बैठक पुढे ढकलता येते. तक्रार कक्षातल्या बाईंना पुढचा फोन ढकलता येत नाही.

हे कळायला लंडनपर्यंत जायचीही गरज नव्हती. आपल्याच गोदामातले एक सुपरवायझर पूर्वी आठवड्याच्या पाळ्या फळ्यावर लावलेल्या कागदावर पेन्सिलने लिहीत. कोणाला बदल हवा असेल तर दोघांनी आपसात ठरवायचं, खोडायचं, नवं नाव घालायचं, सही करायची. त्या विभागाची रजेची पानं माझ्याकडे इतरांपेक्षा कोरी असायची. काम तेवढंच होतं, वजनं तीच होती. मग सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर आलं, पेन्सिल गेली, आता बदलासाठी तीन मंजुऱ्या लागतात आणि त्यांचंही पान इतरांसारखंच भरायला लागलं आहे. हे गृहस्थ संध्याकाळी फोन बंद करून ठेवतात. नव्या रकान्यात त्यांना फार तर काठावर पास होता येईल.

राहिला तुमचा उपाय, म्हणजे ध्यानाचा वर्ग. पाळी सुटल्यावर अर्धा तास, सक्तीचा, आणि त्याची हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे. मनःशांतीला उशिरा पोचल्याबद्दल एकाकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो खुलासाही मीच फाइलला लावला. ध्यान वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला सकाळी दहा मिनिटं शांत बसायला आवडतं. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यात आहे. माइंडफुलनेस, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, तब्येतीची अ‍ॅप यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक जवळपास नव्हता. माणसाला दुरुस्त करायचं आणि काम आहे तसंच ठेवायचं, याने फारसं काही हाती लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही ‘बर्नआउट’ आजारांत घातलेला नाही, कामाशी निगडित घटना म्हणून नोंदवला आहे: कामाच्या जागेवरचा दीर्घ ताण नीट न हाताळल्याने येणारा. हाताळायचा कोणी, हे त्या व्याख्येतच आलं.

तेव्हा मागण्या.

तो वीस गुणांचा रकाना यंदाच्याच फॉर्मवरून काढावा. पुढच्या वर्षी बघू, समिती नेमू, हे नको. आजारपणाची रजा, जादा वेळ थांबायला नकार, आणि वेळेबाहेरचा मेसेज यांपैकी कशाचाही संबंध गुणांशी, बढतीशी किंवा पगारवाढीशी लावू नये, आणि तसं लेखी द्यावं.

एक पाळी सुटणं आणि दुसरी सुरू होणं यांत किमान ११ तास जावेत. युरोपीय संघात हा नियम जुना आहे, सॉफ्टवेअरमध्ये ही एक अट घालणं अवघड नाही. पाळ्या आपसात बदलायचा हक्क परत द्यावा. वेळेबाहेर कोणाला संपर्क करायचा याची आळीपाळीची यादी असावी, त्या यादीतल्या माणसाला बदली सुट्टी मिळावी, बाकीच्यांचे फोन त्यांचे त्यांना असू द्यावेत.

तक्रार कक्षात शिवीगाळ करणाऱ्याला एकदा बजावून फोन बंद करायची मुभा हवी, आणि अशा फोननंतर पाच मिनिटं न विचारता मिळावीत. ही मागणी मी वेगळी लिहिते आहे, कारण सगळ्यांत कमी खर्चाची आहे आणि तरी सगळ्यांत जास्त वेळा फेटाळली गेली आहे.

रिकाम्या जागा कधी भरणार त्याची तारीख द्या. तोवर भरता येत नसतील तर टार्गेट त्या प्रमाणात खाली आणा. नवं काम देताना जुन्यातलं कोणतं थांबवायचं हेही देणाऱ्यानेच सांगावं.

ध्यानाचा वर्ग ऐच्छिक करा आणि कामाच्या वेळेत घ्या. ज्यांना बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी बाहेरचा समुपदेशक नेमा, ज्याच्या नोंदी एचआरकडे येणार नाहीत. आज कोणी एचआरच्या खोलीत जाऊन रडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मोजायचंच असेल तर काम मोजा. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने त्यासाठी सहा शीर्षकं केव्हाच दिली आहेत: कामाचा भार, कामावरचा ताबा, वरून आणि सहकाऱ्यांकडून मिळणारा आधार, आपसांतले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे केले जातात. नाव न घेता प्रत्येक विभागाला या सहांवर प्रश्न विचारा, निकाल सगळ्यांना दाखवा, आणि गुण द्यायचे ते विभाग चालवणाऱ्यांना द्या.

रजांची एकूण बेरीज मी दर वर्षीप्रमाणे या महिनाअखेर देईन, ते माझं काम आहे. त्या बेरजेवरून गुण कापायची यादी मी तयार करणार नाही, हे माझ्या वरिष्ठांना लेखी कळवलं आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं, आणि त्या वेळी तक्रार कक्ष आणि गोदाम या दोन विभागांतल्या, साहेब नसलेल्या दोघांना बोलवावं. ते कामाच्या वेळेत येतील. त्यांचा ब्रेक धरू नये.

आपली,
हजेरी आणि रजा विभागातील एक कर्मचारी